सांगत राहिली, सांगत बसली, सांगत सुटली

इंग्रजीचा कुठलाही क्लास घ्या, पहिल्या आठ-दहा दिवसांत फळ्यावर तो तक्ता येतोच येतो. बारा काळांचा. साधा, चालू, पूर्ण, पूर्ण-चालू आणि प्रत्येकाचं वर्तमान, भूत, भविष्य. चालू काळ म्हणजे काय, तर क्रियापदाला 'आयएनजी' लावा, आधी ॲम, इज, आर नाहीतर वॉज, वेअर ठेवा, झालं. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत रिकाम्या जागा बरोबर भरतात, आणि प्रत्यक्ष बोलायची वेळ आली की जे आत्ता चालू आहे, जे काल चालू होतं, जे सारखं सारखं होतं, जे काही केल्या थांबत नाही, जे वर्षानुवर्षं होत आलंय, ते सगळंच्या सगळं त्या एका 'आयएनजी'वर टाकतात. समोरच्याला अर्धंच कळतं आणि बोलणाऱ्याला वाटतं आपलं इंग्रजी कच्चं आहे.

मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. नर्सिंग झालेल्या मुली, कस्टमर केअरला लागलेली पोरं, दुकानदार, लेकीच्या बाळंतपणाला परदेशी निघालेल्या काकू, सगळे एकाच वर्गात. आणि इतकी वर्षं हे केल्यावर माझं मत पक्कं झालंय की मराठी माणसाला चालू क्रिया म्हणजे काय हे शिकवावंच लागत नाही. ते त्याला माहितीय, फार बारकाईने माहितीय, लहानपणी घरात जे काही ऐकलं त्यातूनच माहितीय. त्याला फक्त एवढं दाखवायचं की बाबा रे, तू मराठीत हे म्हणतोस तेव्हा इंग्रजीत लोक हे म्हणतात. आणि ते मराठीतूनच दाखवावं लागतं. क्लासमध्ये मराठी बोलायचंच नाही असा नियम करणाऱ्या शिक्षकांची तळमळ मला समजते, पण या बाबतीत तो नियम मुलांचं नुकसान करतो असं मला मनापासून वाटतं.

आता बघा. 'सांगणं' हे एक साधं क्रियापद घ्या. शेजारच्या बाईंच्या मुलाला नोकरी लागली. ती सगळ्या सोसायटीला सांगत सुटली. ती माझ्याकडे येऊन तासभर सांगत बसली. कुणी ऐकत नव्हतं तरी ती सांगत राहिली. तो कसा लहानपणापासून हुशार आहे हे ती आम्हाला कित्येक वर्षं सांगत आलीय. आणि एरवीही ती त्याचंच काहीतरी सांगत असते. पाच वाक्यं, क्रियापद तेच, आणि एकही वाक्य दुसऱ्याच्या जागी ठेवता येत नाही. 'सुटली' म्हटलं की तिला कुणी विचारलेलं नव्हतं आणि आता तिला आवरणार कोण, हे आलंच. 'बसली' म्हटलं की माझा तास गेला, गॅसवरचं दूध गेलं, हेही त्यात आलं. 'राहिली'त चिकाटी आहे. 'आलीय'मध्ये आजपर्यंतचा सगळा काळ आहे. 'असते'मध्ये सवय आहे आणि थोडा माझा वैतागही आहे. हे कुठल्या मराठी मुलाला समजावून सांगावं लागतं? चार वर्षांचं पोरही 'रडत बसू नकोस' आणि 'रडू नकोस' यातला फरक ओळखतं, पहिल्यात आई चिडलेली असते.

आणि गंमत अशी की इंग्रजीतही या पाचही गोष्टी वेगवेगळ्याच म्हणतात. सांगत सुटली, 'शी वेंट अराउंड टेलिंग एव्हरीवन'. तासभर सांगत बसली, 'शी स्पेंट ॲन अवर टेलिंग मी'. सांगत राहिली, 'शी केप्ट टेलिंग अस'. सांगत आलीय, 'शी हॅज बीन टेलिंग अस फॉर इयर्स'. सांगत असते, 'शी इज ऑलवेज टेलिंग अस'. यातलं शेवटचं 'ऑलवेज' तर फार महत्त्वाचं आहे, कारण शाळेत आपल्याला शिकवतात की ऑलवेज आलं की साधा वर्तमानकाळ, आणि ते बरोबरही आहे, 'ही ऑलवेज गेट्स अप ॲट फाइव्ह' म्हणजे तो नेहमी पाचला उठतो. पण 'ही इज ऑलवेज लुकिंग ॲट हिज फोन' म्हटलं की तिथे बोलणारा करवादलेला असतो. सारखा मेला त्या मोबाईलमध्येच बघत असतो. हा जो 'बघत असतो' आहे ना, तोच. मराठीत 'बघतोय' आणि 'बघत असतो' हे दोन वेगळे आहेत हे मुलांना आधीपासून माहितीय, त्यामुळे हे एकदा जोडून दिलं की पुन्हा चूक होत नाही.

मला नेहमी वाटतं की शाळेत दोन तास शेजारी शेजारी असतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. मराठीच्या तासाला संयुक्त क्रियापद शिकवतात, धातुसाधित आणि सहायक क्रियापद मिळून एक क्रिया दाखवतात, 'मुलं खेळत राहिली' वगैरे उदाहरणं असतात, अधोरेखित शब्द ओळखा असे प्रश्न येतात. पुढच्याच तासाला इंग्रजीचे सर तो बारा काळांचा तक्ता काढतात. २००० सालापासून आपल्या राज्यात मराठी शाळांमध्येसुद्धा पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं, म्हणजे इंग्रजीची वर्षं वाढली, पण हे दोन तास काही जवळ आले नाहीत. 'खेळत राहिली' म्हणजेच 'केप्ट प्लेइंग' हे कुणी एका वाक्यात सांगितलं तर पोरांचं केवढं काम होईल!

'कीप'बद्दल तर मी वर्गात फार बोलते. कारण माझा अनुभव असा की 'कीप' नीट हाताशी आलं की माणसाच्या बोलण्यात एकदम फरक पडतो. कीपचे दोन उपयोग आहेत. एक म्हणजे न थांबता करत राहणं, 'कीप वॉकिंग', चालत राहा. दुसरा म्हणजे परत परत होणं, आणि हा दुसराच आपल्याला जास्त लागतो. मराठीत याचं चिन्ह म्हणजे 'सारखं'. लाईट सारखी जातेय, 'द पॉवर कीप्स गोइंग ऑफ'. नेट सारखं बंद पडतंय, 'द इंटरनेट कीप्स ड्रॉपिंग'. मी सारखी विसरते, 'आय कीप फर्गेटिंग'. कस्टमर केअरमधला एक मुलगा वर्गात येतो, त्याला दिवसभर हीच वाक्यं लागतात, ग्राहक काय म्हणतोय ते सिस्टीममध्ये इंग्रजीत टाकायचं असतं. तो आधी लिहायचा, 'इंटरनेट इज स्टॉपिंग'. वाचणाऱ्याला वाटणार की आत्ता या क्षणाला नेट बंद होत चाललंय. खरं तर तक्रार अशी असते की चालू होतं, बंद पडतं, परत चालू होतं. हे दोन वेगळे बिघाड आहेत आणि त्यांची दुरुस्तीही वेगळी असू शकते. आता तो 'कीप्स डिस्कनेक्टिंग' लिहितो. त्याला मी एवढंच सांगितलं होतं की ग्राहकाच्या तोंडून 'सारखं' ऐकलंस की 'कीप' टाक.

काकूंच्या बाबतीतही तेच. परदेशी जाताना त्यांना सगळ्यात मोठी काळजी असते ती म्हणजे तिकडे डॉक्टरला काय सांगू. लेक-जावई दिवसभर कामावर, फोनवर एकटीनेच बोलायची वेळ आली तर? एका काकूंचा गुडघा दुखतो, जिना उतरताना कळ येते. त्यांना दुखण्यासाठी 'पेन' हा शब्द येत होता, पण वाक्य जमत नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही मराठीत मला कसं सांगाल? त्या म्हणाल्या, अगं जिना उतरले की सारखी कळ येते. मग झालंच की. 'आय कीप गेटिंग अ शार्प पेन व्हेन आय गो डाउन द स्टेअर्स'. त्यांना ते 'कीप गेटिंग' इतकं आवडलं की त्यांनी वहीत त्याच्याखाली आपल्या सगळ्या तक्रारी लिहून काढल्या, डोकेदुखी, पित्त, रात्री पायात गोळे येतात ते, आणि चक्कर येते त्यासाठी 'कीप फीलिंग डिझी'. त्या वहीच्या एका पानावर डॉक्टरकडे लागणारं निम्मं इंग्रजी आलं. तक्ता पाठ करून ते कधीच आलं नसतं.

'कीप' आणि 'कीप ऑन' यात फार फरक करू नका, 'ऑन' लावलं की चिवटपणा थोडा वाढतो इतकंच. 'कॅरी ऑन' मात्र वेगळं आहे आणि ते आपल्याकडच्या पोरांना इंग्रजीच्या शिक्षकांनी शिकवलेलं नाही, ते त्यांना इंजिनीअरिंगने शिकवलंय. विषय राहिले, पुढच्या वर्षाला प्रवेश अडतो, मग विद्यार्थी विद्यापीठावर मोर्चा नेतात आणि मागणी काय तर 'कॅरी ऑन द्या'. पुण्यात इंजिनीअरिंगच्या कुठल्याही पोराला विचारा कॅरी ऑन म्हणजे काय, तो तुम्हाला झोपेतून उठून सांगेल. एटीकेटीचंही तसंच, ते 'अलाऊड टू कीप टर्म्स' आहे, म्हणजे त्यातही एक 'कीप' बसलेलाच आहे. पण या मुलांना मी सांगते की तुमच्या मागणीतच त्या शब्दांचा खरा अर्थ आहे बघा. मध्ये काहीतरी आडवं आलं, तरी पुढे चालू ठेवणं. वर्ग चालू असताना लाईट गेली, मोबाईलच्या टॉर्चवर आम्ही शिकत राहिलो, 'वी कॅरीड ऑन'. फोन आला म्हणून थांबलात, फोन झाला, समोरचा म्हणतो 'सॉरी, कॅरी ऑन'. 'कीप'मध्ये तो अडथळा लागत नाही, 'कॅरी ऑन'मध्ये बहुतेक वेळा असतोच.

'गो ऑन'ला तर दोन टोकं आहेत. 'ही वेंट ऑन टॉकिंग अबाउट हिज चाइल्डहूड' म्हणजे तो लहानपणाबद्दल बोलतच राहिला. 'ही वेंट ऑन टू टॉक अबाउट हिज चाइल्डहूड' म्हणजे आधी दुसरं काहीतरी बोलला आणि मग पुढे लहानपणाकडे वळला. एका 'टू'ने केवढा फरक पडला. अशीच जोडी 'स्टॉप'ची, आणि ती तर दवाखान्यात जिवावर बेतू शकते. 'ही स्टॉप्ड टेकिंग द टॅब्लेट्स' म्हणजे त्याने गोळ्या घ्यायचं थांबवलं. 'ही स्टॉप्ड टू टेक द टॅब्लेट्स' म्हणजे तो गोळ्या घ्यायला थांबला. मुली गोंधळतात, मग मी म्हणते मराठीत बोला. घ्यायचा थांबला. घ्यायला थांबला. 'चा' आणि 'ला'. आपल्याकडे तोच फरक एका अक्षरात आहे, रोज वापरतो आपण, 'पाऊस पडायचा थांबला' म्हणतो, 'पाऊस पडायला थांबला' असं कुणी म्हणत नाही. हे लक्षात आलं की त्या मुली एकमेकींकडे बघतात आणि वर्गात एकदम गलका होतो, प्रत्येकीला दुसरं उदाहरण सापडलेलं असतं.

नर्सिंगच्या मुलींबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण चालू क्रियेचं सगळं गांभीर्य मला त्यांच्यामुळे कळलं. त्यातल्या काही ओईटीची, म्हणजे डॉक्टर-नर्सेससाठी असलेल्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतात, ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणीला ती परीक्षा चालते. त्यात बोलण्याच्या भागात दोन रोल प्ले असतात, साधारण पाच-पाच मिनिटांचे, समोरचा माणूस पेशंट नाहीतर नातेवाईक होतो आणि तुम्ही नर्स. पण परीक्षेपेक्षाही मला त्यांचा हँडओव्हर महत्त्वाचा वाटतो. रात्रपाळीची नर्स सकाळच्या नर्सला पेशंटची माहिती देते ते. वर्गात आम्ही तो करून बघतो. एकीच्या कागदावर होतं, 'पेशंट इज कफिंग सिन्स मंडे'. मराठीत सोमवारपासून खोकतोय. अगदी शब्दाला शब्द. आता इंग्रजीत इथे 'हॅज बीन कफिंग' लागतं, आणि यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही, कारण जर्मन आणि फ्रेंच माणूससुद्धा आपल्यासारखाच वर्तमानकाळ वापरतो, मी इथे पाच वर्षांपासून काम करतो असंच म्हणतो. म्हणजे या बाबतीत आपण वेगळे नाही, इंग्रजी वेगळी आहे. मागे सुरू झालं आणि अजून चालू आहे, हे इंग्रजीला एका वेगळ्या रूपात सांगावंसं वाटतं, आपल्याला 'पासून'मध्येच ते मिळतं. मुलींना हे सांगितलं की त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं, मी बघते ना.

मग आम्ही एकाच पेशंटबद्दल वाक्यं करतो. काल रात्रभर खोकत होता, 'वॉज कफिंग ऑल नाईट', इथे रात्र संपली, आत्ताचं काही सांगितलेलं नाही. औषध दिलं तरी खोकतच राहिला, 'केप्ट कफिंग इव्हन आफ्टर द मेडिसिन', म्हणजे औषधाने फरक पडला नाही, हे डॉक्टरला कळायलाच हवं. सोमवारपासून खोकतोय, 'हॅज बीन कफिंग सिन्स मंडे', म्हणजे अजून चालू आहे, किती दिवस झाले तेही मोजा. पहाटे चारनंतर खोकला थांबलाय, 'हॅज स्टॉप्ड कफिंग'. अजून अधूनमधून खोकतोय, 'इज स्टिल कफिंग नाऊ अँड देन'. या पाचांतलं कुठलं वाक्य सकाळच्या नर्सच्या कानावर पडतं त्यावर ती आधी कुणाच्या बेडकडे जाते ते ठरतं. नुसतं 'इज कफिंग' म्हटलं तर ती बेडकडे बघेल, पेशंट शांत झोपलेला दिसेल, आणि सोमवारपासूनची हकीकत तिथेच राहून जाईल.

आता 'आय ॲम हॅविंग'. यावर आपल्या लोकांना फार बोलणी खावी लागतात, म्हणून लिहिते. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे वाक्य मराठीमुळे येतं असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. मराठीत आपण 'मला दोन भाऊ आहेत' म्हणतो, त्यात चालू क्रिया कुठे आहे? हे वाक्य त्या तक्त्यामुळे येतं असं माझं मत आहे. 'आहे' दिसलं की ॲम, इज, आर लावायची इतकी सवय झालेली असते, आणि ॲम, इज, आर लावलं की आपोआप 'आयएनजी' येतो. म्हणजे दोष शिकवण्याचा आहे. 'आय ॲम अंडरस्टँडिंग' मात्र खरंच मराठीतून येतं, कारण आपण 'मला समजतंय' म्हणतो, 'मला दिसतंय', 'मला वाटतंय', 'ऐकू येतंय' म्हणतो. मराठीत मनाच्या आणि कानाडोळ्यांच्या गोष्टीही चालू असू शकतात. इंग्रजीत त्या सहसा चालू काळात जात नाहीत, आणि मग कुठे जातात हे तक्ता सांगत नाही. त्या 'कॅन'कडे जातात.

हे मला वर्गात सांगायला फार आवडतं. 'माझा आवाज येतोय का?' हे वाक्य लॉकडाऊनपासून आपण सगळ्यांनी रोज म्हटलंय. 'आर यू हिअरिंग मी' असं कुणी म्हणालं तर इंग्रजी माणूस जरा थबकतो. तो म्हणतो 'कॅन यू हिअर मी?' तसंच स्क्रीन दिसतेय का, 'कॅन यू सी माय स्क्रीन?' गॅसचा वास येतोय, 'आय कॅन स्मेल गॅस', हे तर प्रत्येकाला यायलाच पाहिजे. डॉक्टर तळपायाला हात लावून विचारतात जाणवतंय का, 'कॅन यू फील धिस?' या 'कॅन'चा आणि शक्तीचा काही संबंध नाही, ही इंग्रजीची आत्ता चालू असलेलं दिसणं-ऐकणं सांगायची पद्धत आहे. 'येतोय का'च्या जागी 'कॅन', एवढं लक्षात ठेवलं की झालं.

कुणीतरी हमखास विचारतं की मग त्या बर्गरवाल्यांचं 'आय'म लव्हिन' इट' कसं चालतं? मॅकडोनाल्ड्सने २००३ मध्ये ते आणलं आणि तेव्हापासून हा प्रश्न वर्गावर्गांत विचारला जातोय. प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर पुन्हा मराठीतच आहे. मला वडापाव आवडतो. आणि आत्ता हातात वडापाव आहे, एक घास घेतलाय, आवडतोय! 'आवडतो' आणि 'आवडतोय' हा फरक आपण सहज करतो. इंग्रजी एरवी तो करत नाही, त्या जाहिरातीने तो मुद्दाम केला आणि लोकांना मजा वाटली.

खरं तर इंग्रजीसुद्धा या 'आयएनजी'कडे हळूहळू आली. शेक्सपियरच्या हॅम्लेटमध्ये पोलोनियस हॅम्लेटला विचारतो, 'व्हॉट डू यू रीड, माय लॉर्ड?' तो समोर पुस्तक वाचतोय आणि प्रश्न साध्या वर्तमानकाळात. आज कुणीही 'व्हॉट आर यू रीडिंग' म्हणेल. म्हणजे १६०० च्या आसपास दोन्ही चालायचं. पुढे घर बांधलं जातंय हे सांगायला लोक 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणायचे, आणि 'इज बीइंग बिल्ट' हे रूप वापरात येऊ लागलं तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक जाणकारांनी त्यावर नाकं मुरडली होती. आज तेच रूप प्रमाण आहे. मला हे मुलांना सांगावंसं वाटतं, कारण त्यांना वाटतं इंग्रजीचे नियम दगडावर कोरलेले आहेत आणि आपणच तेवढे चुकतो. आपल्याकडेही दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा साचा त्यांच्यासमोर होता, आणि मोरो केशव दामल्यांनी १९११ मध्ये आपलं मोठं व्याकरण लिहिलं. या लोकांनी केलेल्या कामामुळे आपल्या हातात 'रीतिभूतकाळ' हे नाव आहे. आजोबा रोज पहाटे नदीवर जात असत. बोलताना आपण म्हणतो, जायचे. 'ग्रँडफादर यूज्ड टू गो', नाहीतर गोष्ट रंगात आली की 'ही वुड गो'. 'वुड' म्हणजे फक्त नम्रपणे विचारणं असं ज्यांच्या डोक्यात बसलंय त्यांना हा 'जायचे'वाला 'वुड' सापडला की गावाकडच्या गोष्टी इंग्रजीत सांगता येतात. मे महिन्यात आम्ही मामाकडे जायचो, गच्चीवर झोपायचो, मामी पहाटेच चूल पेटवायची, सगळं 'वुड'मध्ये.

एक उलटी गोष्टही आहे. इंग्रजीचे हे 'आयएनजी' मराठीत आले की त्यांचं चालू असणं संपतं, ते नामं होतात. मीटिंग चालू आहे, शूटिंग चालू आहे, ट्रेनिंगला गेलाय, फोन चार्जिंगला लावलाय, तिकीट वेटिंगमध्ये आहे, फाईल पेंडिंग आहे. आपल्याला परत 'चालू आहे' जोडावं लागतं. म्हणून मुलं 'मीटिंग इज गोइंग ऑन' हे चटकन शिकतात, ते त्यांच्या मराठीच्या हिशोबात बसतं.

सगळ्याला जोड मिळते असं मात्र नाही. 'करत जा' हे आपलं एक रूप आहे, त्याच्यासारखं इंग्रजीत काही नाही. रोज एक फळ खात जा. पोचलास की फोन करत जा. येत जा अधूनमधून. वडीलधारी माणसं लहानांना म्हणतात ते. त्यात सांगणं आहे, माया आहे, आणि एकदा नव्हे तर इथून पुढे नेहमी, हेही आहे. इंग्रजीत ते प्रसंगाप्रमाणे फोडावं लागतं. येत जा, 'डू ड्रॉप इन नाऊ अँड देन'. फोन करत जा, 'मेक शुअर यू कॉल'. आणि इथे 'कीप' वापरायचा मोह होतो, तो आवरावा लागतो, कारण 'कीप' जे आधी सुरू झालंय त्यालाच लागतं. हे नर्सेसच्या रोल प्लेमध्ये फार स्पष्ट दिसतं. पेशंटला घरी सोडताना व्यायाम सांगायचा असतो. वॉर्डात फिजिओथेरपिस्टने तो आठवडाभर करून घेतला असेल तर मराठीत आपण म्हणू, घरी गेल्यावरही करत राहा, आणि इंग्रजीत 'कीप डूइंग द एक्सरसाइजेस ॲट होम'. पण व्यायाम आजच पहिल्यांदा सांगत असाल तर आपण म्हणू, आता रोज हा व्यायाम करत जा, आणि तिथे 'कीप' चालत नाही, तिथे 'मेक शुअर यू डू धिस एव्हरी डे'. एका मुलीने मागच्या सरावात पेशंट झालेल्या मैत्रिणीला आधी विचारून घेतलं की तुम्ही हा व्यायाम आधी केलाय का, ती नाही म्हणाली, आणि मग तिने दुसरं वाक्य वापरलं.